बाणातला माणूस

मला नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता, आणि उमाअक्का हुपरीकरांनी भर मीटिंगमध्ये, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःचा आवडता कप फरशीवर सोडून दिला. हातातून निसटला नव्हता. सोडून दिला होता.

मी नागपूरहून बंगळुरूला आले होते. एचएसआर लेआउटमध्ये आमचं ऑफिस. तिथे आम्ही काय करतो हे घरी समजावून सांगता सांगता मी थकले होते. शेवटी आई शेजारणीला सांगायची, "ती आकृत्या काढते." खोटं नव्हतं ते. दवाखाना असो, वीज असो, फोनवरून मिळणारी मदत असो, कुठलीही सेवा मागणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर कुणाकुणाच्या हातून जाते, कुठे रखडते, कुठे बिघडते, हे आम्ही कागदावर मांडायचो. उमाअक्का या कामातल्या सर्वांत जुन्या. केस पांढरेशुभ्र आणि आखूड कापलेले, अंगावर सुती साडी, पायात पळायला जाणाऱ्यांचे बूट.

त्या दिवशी मी एका इस्पितळातल्या रक्ततपासणीचा फ्लोचार्ट दाखवत होते. चौकोन, बाण, हो की नाही विचारणाऱ्या शंकरपाळ्या, सगळं कसं रेखीव. अक्कांनी तो मन लावून पाहिला.

"छान काढलंयस गं. आता स्वल्प करून बघूया."

त्यांनी चौघांना उभं केलं. "तू वॉर्ड. तू लॅब. तू रिपोर्ट लिहिणारा. तू डॉक्टर." स्वतःचा चहाचा निळा कप त्यांनी वॉर्डच्या हातात दिला. "हे रक्त. चल."

कप वॉर्डकडून लॅबकडे गेला, लॅबकडून रिपोर्ट लिहिणाऱ्याकडे गेला. तिथे अक्कांनी तो आपल्या हातात घेतला आणि मला विचारलं, "रिपोर्ट तयार झाला. आता?"

"आता डॉक्टरांकडे जातो."

"कोण नेतं?"

"नाही म्हणजे... जातो. बाण आहे ना."

"बाण आहे. पण नेतं कोण?"

अक्का रिपोर्ट लिहिणारा आणि डॉक्टर यांच्या मधोमध उभ्या राहिल्या, कप पुढे धरला आणि बोटं उघडली.

त्या आवाजाने शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. मला वाटलं, बाईंचा पारा चढला, आता माझी धडगत नाही. पण अक्का खाली वाकून शांतपणे तुकडे गोळा करत होत्या. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "बेडा, नको, बोटाला लागेल." आणि वर न बघताच म्हणाल्या, "चौकोनात काम होतं, अस्मिता. माणूस अडकतो तो बाणात."

त्या क्षणापासून मला त्यांची धास्तीही वाटू लागली आणि ओढही.

अक्कांचं घर येलहंकाला. वडील सरकारी विमान कारखान्यात इंजिनियर होते, तेव्हापासूनचं. जन्म तिथला, शाळा तिथली, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे त्यांनाही सांगता येत नसे. काम संपलं की "आयतु", पटलं की "सरी", आणि कुणाची चूक दाखवायची असली की "स्वल्प", म्हणजे जरासं. मॅडम म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मॅडम म्हणजे कोण? मला अक्का म्हण, नाहीतर उमा म्हण." त्यांना उमा म्हणण्याची छाती कुणाची होणार!

त्यांच्या घरावरून हवाईदलाची विमानं जायची. फोनवर बोलताना मध्येच विमान आलं की अक्का थांबायच्या. विमान गेलं की अर्ध्यावर सोडलेला शब्द जिथे तुटला होता तिथूनच पुढे पूर्ण करायच्या. "आपण त्या इस्पि–" आणि मग बऱ्याच वेळाने, "–तळात जाऊया." सुरुवातीला मला वाटायचं, फोन तुटला. मी "हॅलो, हॅलो" करत राहायची आणि त्या पलीकडे शांत.

येलहंका ते एचएसआर म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. कंपनी गाडी द्यायला तयार होती, पण अक्का बसनेच यायच्या. दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, गेलं की टोकन हातात धरून लगेच डोसा मागायच्या नाहीत. बाजूला उभ्या राहून आधी बघायच्या, गर्दी कुठे तुंबते. भूक लागून माझा जीव जायचा. "अक्का, खाऊया ना!" म्हटलं की म्हणायच्या, "खाऊया गं. पण हा चटणीवाला बघ, बिचारा तिघांना एकटा पुरा पडतोय."

कामासाठी ही बाई कुठवर जाईल याचा मला अजून अंदाज नव्हता. तो एका इस्पितळात आला.

शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रोग्याचा सगळा प्रवास आम्हाला मांडायचा होता. अक्कांची आवडती पद्धत त्या कामाला चपखल होती. तिला व्यवसायात ब्लूप्रिंट म्हणतात, अक्का म्हणायच्या पडद्याची आकृती. कागदावर एक आडवी रेघ मारायची. रेघेच्या वर रोग्याला जे दिसतं, ऐकू येतं ते. रेघेच्या खाली पडद्यामागे जे चाललेलं असतं ते. अक्कांचं म्हणणं, वरची बाजू खुर्चीत बसून कळत नाही. म्हणून इस्पितळाच्या व्यवस्थापकांची परवानगी काढून त्या खोट्या रोगी म्हणून दाखल झाल्या, आणि मी त्यांची भाची.

सकाळची वेळ. इस्पितळाचा झगा घालून अक्का खाटेवर पडून होत्या. इतक्यात स्ट्रेचर घेऊन एक माणूस आला. "ऑपरेशनला न्यायचंय," एवढंच म्हणाला आणि त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. आमच्या ठरलेल्या नाटकात हे नव्हतं. मी तोंड उघडलं तर अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं. मी जिन्याने धावत वर पोचले, तर अक्का ऑपरेशन थिएटरच्या दाराशी, आणि एक नर्स त्यांच्या डोक्यावर हिरवी टोपी चढवतेय.

"गिरिजम्मा?" नर्सने विचारलं.

अक्का गप्प. नर्सने ते गप्प राहणंच होकार समजून घेतलं. दार उघडलं. मी ओरडणार एवढ्यात तिची नजर अक्कांच्या मनगटावरच्या नावाच्या पट्टीवर गेली आणि ती स्वतःच किंचाळली.

अक्का उठून बसल्या. टोपी काढली. "आयतु," म्हणाल्या.

खरी गिरिजम्मा खालच्या मजल्यावर आपल्या खाटेवर बसून होती. सकाळपासून उपाशी, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत.

मी कँटीनमध्ये अक्कांवर अक्षरशः ओरडले. "हा काय खेळ आहे का, अक्का? आत नेलं असतं तर?"

"नेलं नसतं. भूल देणारे डॉक्टर पुन्हा नाव विचारतात."

"आणि नसतं विचारलं तर?"

अक्कांनी कॉफीचा पेला तसाच बाजूला सारला, वही उघडली आणि आडव्या रेघेच्या वर लिहिलं, 'स्ट्रेचरवाल्याने नाव विचारलं नाही.'

यानंतर आमच्याकडे रोहित आला. गुडगावहून आलेला, हुशार, हिंदीत भराभरा बोलणारा. आता आमच्या विभागाचा तो प्रमुख होता. त्याची एक वेगळीच पद्धत होती. प्रत्येक गोष्टीला ठरलेलं चिन्ह. निरोपाला पाकीट, थांबण्याला घड्याळ, फाटा फुटला की त्याचं वेगळं. ती आकृती संगणकाला दिली की तो तिच्यावरून थेट काम चालवू शकायचा. रोहितचं म्हणणं होतं, यापुढे सगळं याच पद्धतीने काढायचं. फ्लोचार्ट पोरखेळ, आणि अक्कांची पडद्याची आकृती म्हणजे सुंदर चित्रं.

सगळ्यांना वाटलं, आता जुंपणार. अक्का म्हणाल्या, "सरी. एकच काम घेऊ, तीन पद्धतींनी काढू आणि ज्यांचं काम आहे त्यांनाच दाखवू."

डायलिसिसच्या वेळा देण्याचं काम निवडलं. फ्लोचार्ट मी काढला, पडद्याची आकृती अक्कांनी, चिन्हांची रोहितने. त्या केंद्रातली माणसं बोलावली. माझा फ्लोचार्ट सगळ्यांना पटकन समजला, पण "हे तर आम्हाला माहीतच आहे," असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. पडद्याच्या आकृतीपुढे एका रोग्याचा मुलगा बराच वेळ उभा राहिला. "आम्ही बाहेर बसलेलो असतो तेव्हा आत हे चाललेलं असतं?" असं त्याने दोनदा विचारलं. रोहितची आकृती त्यांच्यापैकी कुणालाच वाचता येईना. आम्ही गालातल्या गालात हसत होतो. अक्का जिंकल्या होत्या.

पण अक्का हसत नव्हत्या. त्या रोहितच्या आकृतीजवळ गेल्या आणि एका लहानशा घड्याळावर त्यांनी बोट ठेवलं.

"ये क्या है?"

"कुछ नहीं, मॅम. पेशंटला मेसेज गेला. ठराविक वेळात उत्तर नाही आलं तर थांबायचं नाही, पुढच्या पेशंटला विचारायचं."

"उत्तर नाही आलं तर," अक्का पुटपुटल्या.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. "रोहित, हे माझ्या आकृतीत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या आकृतीत घड्याळ नसतंच." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अक्कांनी हार मानावी, तीही रोहितपुढे? अक्का तशाच आपल्या जागेवर गेल्या आणि जुनी कामं काढून बघू लागल्या.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. संगणकाच्या पडद्यावर त्यांचीच एक जुनी आकृती होती. काही वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णवाहिका सेवेसाठी काढलेली. कुणीतरी फोन करतो, फोन घेणारी मुलगी जवळच्या गाडीच्या ड्रायव्हरला निरोप पाठवते, गाडी निघते.

"ड्रायव्हरने निरोप पाहिलाच नाही तर?" अक्कांनी विचारलं.

मी आकृतीत शोधलं. तिथे काहीच नव्हतं.

"तेव्हा तिथे एक सुपरवायझर बसायचा," अक्का सांगू लागल्या. "कुणी उत्तर दिलं नाही की तो फोन करून बोंब मारायचा. ते इतकं रोजचं होतं गं, की काढायचं सुचलंच नाही. मागच्या वर्षी त्यांनी सगळं संगणकावर नेलं. माझ्या आकृतीवरून. जसंच्या तसं. आणि सुपरवायझरला काढून टाकलं."

त्यांनी तिथल्या तिथे त्या सेवेला फोन लावला. उत्तर मिळालं, आजवर तक्रार नाही, बदल हवा असेल तर रीतसर नवीन काम काढावं लागेल. रोहितच्याही वरचे आमचे साहेब म्हणाले, जुना ग्राहक, करार संपलेला, आपण कशाला अंगावर ओढवून घ्यायचं? अक्कांनी मेल लिहिले. त्या सेवेच्या ऑफिसात जाऊन बसल्या. एकदा मीही बरोबर होते. ज्यांना भेटायचं होतं ते मीटिंगमध्ये होते. "पुढच्या आठवड्यात बघू," असा निरोप बाहेर आला.

पुढचा आठवडा गेला. त्याच्या पुढचाही.

मग पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात नागराज नावाचा लेथ चालवणारा माणूस छातीत कळ येऊन मशीनशेजारीच बसला. सोबत्यांनी फोन केला. "गाडी निघतेय," असं त्यांना सांगण्यात आलं. गाडी निघाली नव्हती. ड्रायव्हर नाश्ता करत होता आणि निरोप ज्यावर यायचा तो टॅब गाडीत चार्जिंगला. फोन घेणाऱ्या मुलीच्या पडद्यावर निरोप पोचल्याची खूण होती, म्हणून तिनेही पुन्हा पाहिलं नाही. सोबत्यांनी वाट पाहून पाहून शेवटी त्याला मालाच्या टेम्पोत घातलं. तो वाटेतच गेला.

ही बातमी ऑफिसात आली तेव्हा अक्का उभ्या होत्या. त्या बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. भिंतीला हात लावून उभ्याच राहिल्या.

कारखान्यातल्या कामगारांनी लावून धरलं म्हणून त्या सेवेने एक बैठक बोलावली. नागराजची बायको आली होती, कॉलेजात शिकणारी मुलगी आली होती. समोर सेवेचे अधिकारी, त्यांचे वकील, आमचे साहेब. अक्कांना तज्ज्ञ म्हणून नेलं होतं. साहेबांनी गाडीत बजावलं, "मॅडम, आकृती समजावून सांगा. बाकी काही नको." अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मी लॅपटॉप घेऊन मागे बसले होते.

अक्कांनी लॅपटॉप मागितलाच नाही. त्या फळ्याकडे गेल्या आणि त्या दोघी मायलेकींकडे बघून कन्नडमध्ये बोलू लागल्या. तोवर मला कन्नड बऱ्यापैकी कळायला लागलं होतं.

आधी त्यांनी साधा फ्लोचार्ट काढला. फोन, निरोप, गाडी. "यात बघा, सगळं बरोबर दिसतं." मग त्याखाली आडवी रेघ ओढली. "हा पडदा. वर तुम्ही. तुमच्या माणसांनी फोन केला, गाडी निघतेय असं ऐकलं." नागराजच्या बायकोने मान हलवली. "खाली हे. निरोप गेला. पोचलासुद्धा. पण कुणी उचलला नाही." मग खडू बदलून त्यांनी त्या बाणावर एक लहान घड्याळ काढलं.

"इथे हे हवं होतं. ड्रायव्हरचं उत्तर आलं नाही तर लगेच दुसऱ्या गाडीला निरोप. ते असतं तर दुसरी गाडी निघाली असती. ही आकृती मी काढलीय. घड्याळ मी काढलं नाही. इदु नन्न तप्पु."

हे माझं चुकलं. आमच्या साहेबांचा चेहरा पांढरा पडला. वकील अर्धवट उठले. "मॅडम, याची काही गरज नाही, प्लीज–"

नागराजच्या बायकोने वकिलांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अक्कांना म्हणाली, "निमगे मोदले गोत्तित्ता?"

तुम्हाला आधी ठाऊक होतं?

मला वाटलं, आता अक्का सांगतील. ते मेल, ते फोन, बाहेरच्या बाकावर काढलेल्या दुपारी. खोलीतल्या निम्म्या माणसांना ते ठाऊक होतं. ती सगळी जमिनीकडे बघत होती.

"गोत्तित्तु," अक्का म्हणाल्या. ठाऊक होतं.

तेव्हा मुलगी उभी राहिली. तिचा आवाज चढलेलाही नव्हता. "मग ओरडला का नाहीत?"

"मी मेल–" अक्कांनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. खडू तसाच हातात. तोंड किंचित उघडं. आई मुलीचा हात धरून बाहेर गेली, दार बंद झालं, तरी अक्का तिथेच, तशाच.

त्याच दुपारी त्यांचं ऑफिसचं खातं बंद झालं. कुणी काही बोललं नाही, नुसता पासवर्ड चालेना. त्यांनी एकदा टाकला, पुन्हा टाकला, मग पर्स उचलली आणि नेहमीच्या बसने घरी गेल्या. मी बधिर होऊन बसले होते. रोहित मात्र आपल्या जागेवरून हललाच नाही. संध्याकाळपर्यंत त्याने रुग्णवाहिकेची आकृती नव्याने काढली, घड्याळासकट, आणि खाली नाव घातलं उमा हुपरीकर. साहेब म्हणाले, नाव काढ. रोहित म्हणाला, "उन्हीं का है, सर. मैंने तो बस साफ किया है." या वेळी त्या सेवेने बदल आठवडाभरात केला. नाव राहिलं की नाही, मला माहीत नाही.

मी अक्कांना फोन केला. रागानेच विचारलं, "तुम्ही इतके प्रयत्न केले होते, ते का नाही सांगितलंत तिला?"

"तिला कशाला सांगायचं गं?" अक्का म्हणाल्या. "तिचा नवरा गेलाय. आणि मी तिला माझे मेल दाखवू?"

त्यानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. दोन-तीनदा मी येलहंकाला जाऊन आले, दाराला कुलूप. काहीबाही मनात येऊ लागलं. शेवटी एका सकाळी शेजारच्या बाई म्हणाल्या, "अक्का आता घरी कुठे असतात? त्या ट्रस्टच्या दवाखान्यात बघा, स्टेशनच्या रस्त्याला."

मला वाटलं, आजारी पडल्या. मी धावतच गेले.

दवाखान्याच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली एक रुग्णवाहिका उभी होती. दुसरीची जागा रिकामी होती. शेजारी एक लहानशी खोली, तिला जाळीची खिडकी. आत उमाअक्का कानाला हेडफोन लावून उभ्या होत्या. खुर्ची मागे होती, पण त्या उभ्याच. केस वाढले होते. त्या बारीक झाल्या होत्या.

मी खिडकीशी गेले. "अक्का!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं. पण हाताने थांब अशी खूण केली आणि पाठ वळवली.

"नाही रे, 'निघालो' म्हणू नकोस," त्या कन्नडमध्ये ड्रायव्हरला सांगत होत्या. "गेटमधून बाहेर पडलास? डावीकडे वळलास? मग वळ आणि मला सांग. मी फोन ठेवत नाही." दुसऱ्या हातात दुसरा फोन होता, तो त्यांनी तोंडाशी नेला. "अम्मा, मी इथेच आहे. येतेय गाडी. त्यांना उशीला टेकवून बसवा, पाणी देऊ नका. हो, मी आहे." आणि पुन्हा पहिल्या फोनमध्ये, "वळलास?"

मी जाळी धरून उभी होते. तो फोन संपला तर लगेच पुढचा वाजला. अक्कांनी तो उचलला, खिडकीकडे पाठ करून, उभ्यानेच.